चार नवे अभ्यासक्रम, की आहे त्यालाच पुढची वर्षं?

तासगावच्या बाजूच्या एका महाविद्यालयातल्या समन्वयक मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे महाविद्यालयातच चालणाऱ्या कौशल्य अभ्यासक्रमांच्या विभागात, अन्न प्रक्रिया हा एका वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. जागा ३०, गेल्या जूनमध्ये प्रवेश २६. आता संस्थाचालक म्हणतात, पुढच्या जूनपासून आणखी चार पदविका सुरू करा: डेटा ॲनालिटिक्स, ब्युटी अँड वेलनेस, मेडिकल लॅब टेक्निशियन आणि रिटेल. प्रस्ताव करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

मॅडम, माझं मत आधीच सांगतो, कारणं मागाहून. येत्या जूनला या चारपैकी एकही सुरू करू नका. त्याऐवजी अन्न प्रक्रियेचं दुसरं वर्ष, म्हणजे प्रगत पदविका, सुरू करा आणि तिसऱ्या वर्षी बी.व्होक. या व्यावसायिक कौशल्याच्या पदवीची तयारी आत्तापासून ठेवा. नवं काही हवंच असेल, तर त्याच प्रयोगशाळेत, त्याच शिक्षकांच्या भरवशावर चालेल असं सहा महिन्यांचं एक प्रमाणपत्र घ्या. तुमच्या भागात शीतगृहं बरीच आहेत, तेव्हा साठवण आणि पॅकिंग हा विषय मला सगळ्यात जवळचा वाटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१४ पासून कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात हे काम केलं. आम्ही एका वर्षात तीन अभ्यासक्रम एकदम सुरू केले होते. पहिल्या वर्षी हॉल भरला, नारळ फुटला, फोटो छापून आले. दुसऱ्या वर्षी एका अभ्यासक्रमाला नऊ मुलं आली. शिकवणारा मुलगा पुण्याला चांगली नोकरी मिळाली म्हणून दिवाळीत निघून गेला आणि त्याच्या जागी जो मिळाला, त्याला त्या विषयातलं यंत्र चालवता येत नव्हतं. त्या नऊ जणांची प्रात्यक्षिकं कशीबशी उरकली, गुणपत्रिका उशिरा आल्या, अभ्यासक्रम बंद झाला. त्यातली एक मुलगी बारावीनंतर तीन वर्षं घरी बसून मग आमच्याकडे आली होती. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, आता पुढचं वर्ष कुठं करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अभ्यासक्रम सुरू करणं म्हणजे त्या मुलांना शेवटपर्यंत नेण्याची हमी घेणं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून प्रस्ताव लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारा: अगदी आठच मुलं आली, तरी आपण त्यांना पूर्ण दोन वर्षं शिकवू शकतो का?

कम्युनिटी कॉलेजच्या योजनेची मूळ बांधणीच शिडीसारखी आहे, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमका हाच भाग विसरला जातो. कम्युनिटी कॉलेज ही कल्पना अमेरिकेतली. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. भारतात पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि चेन्नईत तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रांताने १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली बाराव्या पंचवार्षिक योजनेत, २०१३-१४ च्या सुमारास. तिच्या चौकटीत सहा महिन्यांनी प्रमाणपत्र, एका वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, आणि तीन वर्षांनी बी.व्होक. एका सत्राला ३० श्रेयांक (क्रेडिट). त्यातले १८ कौशल्याचे, १२ सामान्य शिक्षणाचे. मुलाने कुठल्याही पायरीवर बाहेर पडून काम धरावं आणि पुन्हा येऊन पुढची पायरी चढावी, असा त्यामागचा विचार. आता श्रेयांक पेढी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) आल्यामुळे मिळवलेले श्रेयांक जमा राहतात, त्यामुळे हे कागदावर तरी आणखी सोपं झालंय. पण तुमच्याकडे दुसरी पायरीच नसेल, तर परत येणारा मुलगा येणार कुठे? पदविका करणारी तुमची २६ मुलं हीच तुमच्या पुढच्या वर्गाची सगळ्यात खात्रीची भरती आहे. त्यांच्यासाठी जाहिरात लागत नाही, फ्लेक्स लागत नाही.

पैशाचा हिशेब संस्थाचालकांसमोर मांडायचा असेल, तर असा मांडा. आकडे उदाहरणादाखल धरलेत, तुमचे तुम्ही घाला. वर्षाची फी १५,००० धरू. एक पूर्णवेळ शिक्षक महिना २२,००० प्रमाणे वर्षाला २,६४,०००. प्रयोगशाळा सहायक महिना १०,००० प्रमाणे १,२०,०००. उद्योगातले पाहुणे शिक्षक, १५० तास, तासाला ५०० म्हणजे ७५,०००. कच्चा माल आणि रसायनं, दर मुलामागे ३,०००. आता वर्गात ३० मुलं असतील तर खर्च ५,४९,००० आणि जमा ४,५०,०००, तूट ९९,०००. वर्गात १२ मुलं असतील तर खर्च ४,९५,००० आणि जमा १,८०,०००, तूट ३,१५,०००. मुलं निम्म्याहून कमी झाली तरी खर्च जेमतेम दहा टक्क्यांनी उतरला, हे त्यांना बोटाने दाखवा. १२-१२ मुलांचे चार वर्ग म्हणजे वर्षाला साडेबारा लाखांच्या वर तूट. आयोगाचं अनुदान ठरावीक मुदतीचं होतं आणि ते कायम राहील असं धरून चाललेल्या कित्येक ठिकाणी आज कुलूप आहे. एका भरलेल्या वर्गाची लाखभराची तूट मात्र भरून काढता येते. कशी ते पुढे सांगतो.

त्याआधी सर्वेक्षणाबद्दल. प्रस्तावात 'स्थानिक उद्योगांची गरज' असा एक रकाना असतो आणि तो आपण टेबलावर बसून भरतो. कृपा करून तसं करू नका. महाविद्यालयापासून २५ किलोमीटरच्या आतल्या किमान ३० ठिकाणी स्वतः जा: बेदाणा शेड, प्रतवारी करणारे, शीतगृहं, हळदीचे कारखाने, दूध संघ, बेकऱ्या, मसाल्यावाले. तिथे "तुम्हाला प्रशिक्षित माणसं हवीत का?" असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात, आणि मान राखायचा म्हणून सामंजस्य करारावर सहीही करतात. विचारा ते असं: गेल्या बारा महिन्यांत नवीन किती माणसं घेतली? किती सोडून गेली? सुरुवातीला हातात किती पडतात? काम वर्षभर असतं की हंगामापुरतं? मुलींना घेता का, आणि घेत असाल तर पाळी किती वाजता सुटते? या पाच उत्तरांवर माझा जेवढा विश्वास आहे, तेवढा चाळीस करारांवर नाही. करार कराच, पण त्यात शेडवर मुलांना कोण शिकवणार त्या माणसाचं नाव आणि किती दिवस, हे लिहून घ्या. नाव नसलेला करार फाईलपुरता.

गरज शोधताना कायद्याकडेही बघा. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याखाली परवाना घेतलेल्या अन्न व्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे. ही मागणी फॅशनप्रमाणे येत-जात नाही. तुमच्या पदविकेच्या मुलांनी अभ्यासक्रमातच हे प्रशिक्षण घेतलं, तर शेडमालकाला त्यांची किंमत पहिल्या दिवसापासून कळते. आणि ज्या मुलांना स्वतःचा छोटा उद्योग काढायचाय, त्यांना सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. तिचा प्रस्ताव लिहायला शिकवणं हा मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो.

आता चार अभ्यासक्रमांकडे. मेडिकल लॅब टेक्निशियन सगळ्यात जोखमीचा. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय प्रयोगशाळेचा व्यवसाय येतो. शिक्षणाचे मानक आणि नोंदणी हे सगळं त्या चौकटीत बसलं पाहिजे, आणि सोबत खरंखुरं रुग्णालय हवं. हे हातात नसताना प्रवेश दिले, तर उद्या मुलाची नोंदणी अडेल, आणि रक्ताच्या अहवालात चूक झाली तर त्याची किंमत रुग्ण मोजेल. त्याला स्पष्ट नाही म्हणा. डेटा ॲनालिटिक्सचं नाव ऐकून पालक येतील, पण तो शिकवू शकणारा माणूस तासिका तत्त्वाच्या मानधनावर तासगावात टिकणार नाही. त्यातला उपयोगी भाग, म्हणजे एक्सेलवर साठ्याचा हिशेब, बेदाण्याच्या सौद्यांचे दर मांडून बघणं, हा तुमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना एक विषय म्हणून देता येईल. रिटेलला स्वतंत्र पदविका लागेल एवढी दुकानं तालुक्यात आहेत का, हे तुम्हीच मोजून बघा. ब्युटी अँड वेलनेसला मात्र मी हलकं लेखत नाही. गावात राहून स्वतःच्या पायावर उभं राहू पाहणाऱ्या मुलींसाठी तो खरा रोजगार आहे. पण त्याला वेगळी प्रयोगशाळा, वेगळा शिक्षक, वेगळी पाहणी लागते. तो दोन वर्षांनी, नीट तयारी करून.

एक गोष्ट तुमच्या भागापुरती फार महत्त्वाची आहे, आणि ती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही: हंगाम. बेदाण्याचं काम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. हळद शिजवण्या-वाळवण्याचं कामही साधारण त्याच दिवसांत. आणि आपलं दुसरं सत्र, त्याच्या अंतर्गत चाचण्या, विद्यापीठाच्या परीक्षा, सगळं नेमकं तेव्हाच. परिणाम असा होतो की मुलं मे महिन्यात प्रशिक्षणाला शेडवर जातात, तेव्हा द्राक्षं वाळवायचे रॅक रिकामे झालेले असतात. मालक त्यांना झाडलोट सांगतो किंवा सही करून परत पाठवतो. सांगली बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, सांगलीच्या हळदीला आहे, आणि त्या बेदाण्याच्या गावात शिकलेल्या मुलाने डिपिंगचं, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं, द्रावण कालवलेलं नसतं.

हे उलटं करता येतं. पहिल्या सत्रातच अन्न रसायन, स्वच्छता आणि मोजमाप यांचं सगळं प्राथमिक शिकवून घ्या. दुसऱ्या सत्राचे सामान्य शिक्षणाचे तास डिसेंबर-जानेवारीत जास्त घेऊन जवळजवळ संपवा. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पाच-सहा आठवडे मुलं शेडवर: घड तपासणं, साखर मोजणं, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं प्रमाण, रॅकवर पसरणं, पंधरवडाभर रोज ओलावा नोंदवणं, मग झाडणी, प्रतवारी, पॅकिंग. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे मुलाने स्वतःच्या वहीत स्वतःच्या वजनांवरून काढावं. तो आकडा चारऐवजी साडेचार आला तर का आला, यावर जी चर्चा होते ती वर्गात आठवडाभर शिकवून होत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख तुमच्या हातात नाही, पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळात हा विषय मांडून कौशल्याच्या श्रेयांकांचं मूल्यमापन कामाच्या जागेवर करून घेता येतं. कौशल्याची तपासणी कामावर व्हावी हे योजनेलाच अभिप्रेत आहे. तुमच्या अभ्यास मंडळावर उद्योगातला माणूस असतो ना, त्याच्या तोंडून हे मांडून घ्या. तो बोलला की ऐकतात.

दुसऱ्या वर्षाची रचनाही मग आपोआप सुचते. पहिल्या वर्षी ज्याने रॅकवर काम केलं, तो दुसऱ्या हंगामात दर्जा तपासनीस म्हणून जाईल. मेपासून पुढे माल शीतगृहात असतो, तेव्हा साठवण, कीड, रंग बदलणं, निर्यातीचे निकष. मालकाला दोन हंगाम तोच मुलगा दिसला, की तो स्वतः विचारतो, "याला ठेवून घेऊ का?"

शिक्षक हा या सगळ्याचा कणा आहे आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. तासिका तत्त्वावर, वर्षाला नऊ महिने, उन्हाळ्यात मानधन नाही, अशा माणसाकडून आपण उद्योगाशी नातं जोडण्याची अपेक्षा करतो. पदविकेचा एक तरी शिक्षक बारा महिने पगारावर ठेवा, हे संस्थाचालकांकडे हट्टाने मागा. त्याच्या पगाराची सोय लागण्यासाठी आता एक चांगला रस्ता उघडलाय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या मुलांना व्यावसायिक कौशल्य आणि कौशल्यवृद्धीचे विषय आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बहुतेक महाविद्यालयांत हे विषय जो मोकळा असेल तो शिकवतो. तुमच्याकडे चालू प्रयोगशाळा आहे, शिकवणारा माणूस आहे, उद्योग ओळखीचे आहेत. बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या मुलांना फळप्रक्रिया किंवा अन्न सुरक्षा हा कौशल्य विषय तुमच्या विभागाने द्यावा. त्यातून शिक्षकाला पूर्ण कार्यभार मिळतो, आणि वर जी लाखभराची तूट म्हटली ती बरीचशी इथेच भरते. उरलेली बचत गटांच्या महिलांसाठीच्या आठवडाभराच्या वर्गांतून. नावनोंदणीच्या आकड्यात न दिसणारी ही वाढ मला सगळ्यात भक्कम वाटते.

बचत गटांवरून आठवलं: या योजनेत वयाची अट नाही. शेडवर दहा-दहा वर्षं बेदाणा निवडणाऱ्या बारावी झालेल्या बायका तुमच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी एक बॅच हंगाम संपल्यावर, दुपारच्या वेळेत घेऊन बघा. त्यांना जे हाताला येतं ते आपल्याला पुस्तकात मांडता येत नाही, आणि त्यांना कागद मिळाला तर मुकादमाऐवजी पर्यवेक्षक होता येतं.

मुलं टिकतात कशाने, यावर न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा अनुभव मी नेहमी सांगतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पूर्णवेळ शिकायची अट, प्रत्येकाला ठरलेला मार्गदर्शक, शिकवणी, पुस्तकांची मदत आणि प्रवासाचं मोफत कार्ड. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून तपासलं, तेव्हा तीन वर्षांत पदवी पुरी करणारे या गटात ४० टक्के आणि बाकीच्यांत २२ टक्के निघाले. एकही नवा अभ्यासक्रम न काढता मिळालेली ही वाढ आहे. आपल्याकडे प्रवासाचं कार्ड म्हणजे एसटीचा पास आणि शेवटच्या गाडीची वेळ. तुमच्या २६ मुलांची गावं एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे परतीच्या गाडीची वेळ लिहा, आणि मग वेळापत्रक लावा. प्रात्यक्षिक पाचला संपणार आणि गाडी पावणेपाचला, एवढ्यावर मुली शिक्षण सोडतात आणि नोंदीत आपण 'वैयक्तिक कारण' लिहितो. प्रशिक्षणाला मुली पाठवताना एकटीदुकटीला पाठवू नका, चौघींना एका जागी पाठवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे आधी विचारा, आणि पालकांना एकदा ती जागा दाखवून आणा. एक दिवस जातो, पण घरची काळजी मिटते.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे नवा अभ्यासक्रम कलम १०९ च्या प्रक्रियेतून जातो आणि विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी (कुठे कोणते अभ्यासक्रम हवेत याच्या पाच वर्षांच्या योजनेशी) जुळावा लागतो. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ चा; तुमच्या तालुक्याला त्यात काय दाखवलंय ते विद्यापीठात जाऊन वाचून या. अर्जाची मुदत जूनच्या पुष्कळ आधी संपते. शिष्यवृत्तीसाठी नवा अभ्यासक्रम महाडीबीटीवर दिसतोय याची खात्री प्रवेश सुरू होण्याआधी करा. ते न झाल्याने फी माफ होईल या आशेवर आलेली मुलं ऑक्टोबरमध्ये गळतात. आणि बी.व्होक.बद्दल पालक एकच विचारतील: एमपीएससीला चालते का? बी.व्होक. ही विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली पदवी आहे आणि जिथे कोणत्याही शाखेची पदवी मागतात तिथे ती चालते. हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापा.

दुसऱ्या क्षेत्रात कधी जायचं? माझी कसोटी अशी: अन्न प्रक्रियेच्या सलग दोन बॅचमधली निम्म्याहून जास्त मुलं, अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी, शिकल्याशी संबंधित कामावर किंवा पुढच्या वर्गात असली पाहिजेत. त्यासाठी एक साधी वही ठेवा. चार रकाने: आला, प्रात्यक्षिकाला शेवटपर्यंत बसला, पास झाला, सहा महिन्यांनी कुठे आहे. मुलांचे नंबर बदलतात, म्हणून आईचा किंवा थोरल्या भावाचाही नंबर घ्या. ज्याने एका वर्षाने पदविका घेऊन काम धरलं, त्याला गळती म्हणून मोजू नका. ज्याचा पत्ताच नाही, त्याला मोजा.

संस्थाचालकांच्या बैठकीला मोठं सादरीकरण नेऊ नका. तुमच्या २६ जणांची ती वही, ३० ठिकाणांची पाहणी आणि १२ मुलं विरुद्ध ३० मुलं हा हिशेब, एवढे तीन कागद न्या. ते म्हणतील, शेजारच्या संस्थेने सहा अभ्यासक्रम काढलेत. तेव्हा त्यांना सांगा, एका अभ्यासक्रमाला तीन वर्षांची शिडी झाली की आपल्या विभागात आजच्या २६ ऐवजी ६०-७० मुलं असतील, त्याच प्रयोगशाळेत. पाहणी मात्र जानेवारीच्या आत उरका. एकदा शेड सुरू झाल्या की मालकाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, आणि या हंगामात मुलांना पाठवायचं असेल तर जागा त्याआधीच ठरायला हव्यात.